एकच स्पिरिट, निराळी पिंपे : सिंगल माल्टच्या कास्क फिनिशची तुलना घरी कशी करावी

सिंगल माल्ट व्हिस्कीच्या कास्क फिनिशबद्दल, म्हणजे मुरलेली व्हिस्की शेवटी दुसऱ्या पिंपात ठेवून तिला दिलेल्या चवीबद्दल, मित्रमंडळींत जी चर्चा रंगते, तिची सुरुवात बहुधा चुकीच्या जोडीने होते. कोणी मॅकॅलन शेरी ओकचा एक घोट घेतो, मागोमाग लागाव्हुलिनचा एक घोट घेतो, आणि 'आपल्याला शेरीचे पिंप मानवते' असा निकाल देऊन मोकळा होतो. परंतु या दोन पेल्यांत पिंपाखेरीज बाकीचेही सगळेच वेगळे असते : डिस्टिलरी वेगळी, भट्टीचा आकार वेगळा, बार्ली सुकवण्याची रीत वेगळी आणि वयही वेगळे. अशा तुलनेतून आवड कळते, त्या आवडीचे कारण मात्र हाती लागत नाही. ज्याला पिंपाचे काम ओळखायला शिकायचे आहे त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि जिच्यावर फिनिश चढवलेले नाही अशी त्याच डिस्टिलरीची मूळ व्हिस्की नेहमी शेजारी ठेवावी. गवयाला तानपुऱ्याचा षड्ज लागतो, तसा हा मूळ पेला लागतो; तो सतत कानाशी असला म्हणजे पुढचा प्रत्येक सूर किती वर गेला आणि कोठे ढळला, हे आपोआप समजते.

पिंप नेमके काय देते

स्कॉटलंडच्या २००९ च्या नियमांनुसार सिंगल माल्ट केवळ माल्ट केलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, पॉट स्टिल या मडक्यासारख्या भट्टीत तयार व्हावी लागते. ती ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरावी लागते, आणि बाटलीत भरताना तिच्यात ४० टक्क्यांहून कमी मद्यार्क असून चालत नाही. भट्टीतून उतरलेले स्पिरिट पूर्णपणे रंगहीन असते. त्याला सोनेरी किंवा तांबूस छटा येते आणि चवीचा फार मोठा वाटा मिळतो, तो लाकडाकडून.

बहुतेक सिंगल माल्टचा पाया बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात घातला जातो. अमेरिकेतील कायद्याप्रमाणे बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली सुमारे २०० लिटरची ही पिंपे तेथे बर्बनसाठी पुन्हा कामी येत नाहीत आणि स्कॉटलंडपासून बंगळुरूपर्यंत सर्वत्र जातात. अमेरिकन ओकमध्ये सुक्या खोबऱ्याची आठवण करून देणारी लॅक्टोन नावाची द्रव्ये भरपूर असतात, आणि लाकूड तापवले व जाळले की त्यातील लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होते. म्हणून बर्बनच्या पिंपातील व्हिस्कीत व्हॅनिला, खोबरे, मध आणि पिकलेले केळ यांच्या जवळचे वास वारंवार भेटतात.

शेरीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तेथे थोडे थांबून समजून घेण्यासारखे बरेच आहे. शेरी ही स्पेनमधील हेरेस भागातील वाइन. तिच्यातील ओलोरोसो हा प्रकार कोरडा, गडद आणि अक्रोडासारखा असतो. पेड्रो हिमेनेझ, ज्याला सगळे पीएक्स म्हणतात, तो उन्हात सुकवलेल्या द्राक्षांचा असल्यामुळे काकवीइतका दाट आणि गोड असतो. एकेकाळी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला येई आणि रिकामी झालेली पिंपे व्हिस्कीवाले उचलत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि तो पुरवठा आटला. आता बहुतेक पिंपे व्हिस्कीसाठीच बनवून घेतली जातात, त्यांत वर्ष-दोन वर्षे शेरी मुरवली जाते आणि मग ती काढून पिंप पाठवले जाते. त्यामुळे आजच्या 'शेरी कास्क'मध्ये वाइनइतकाच किंवा वाइनहून अधिक हात लाकडाचा असतो. ते लाकूड युरोपियन ओकचे असेल तर टॅनिन या लाकडातील तुरट द्रव्यामुळे हिरड्या किंचित आक्रसतात आणि लवंग-जायफळाकडे झुकणारा मसाला जाणवतो. अमेरिकन ओकचे असेल तर तीच शेरी मवाळ वाटते. लेबलवर नुसते 'शेरी' लिहिलेले असते तेव्हा यातले काहीच कळत नाही, हे लक्षात ठेवून पेल्याकडे वळावे.

फिनिश म्हणजे एका पिंपात वर्षानुवर्षे मुरलेली व्हिस्की काढून दुसऱ्या प्रकारच्या पिंपात काही महिने किंवा काही वर्षे ठेवणे. बाल्व्हेनी डिस्टिलरीचे डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९८० च्या दशकात हा प्रयोग पद्धतशीरपणे सुरू केला, १९९३ मध्ये तिची डबलवुड बाजारात आली, आणि ग्लेनमोरांजी डिस्टिलरीने १९९० च्या दशकात पोर्ट या गोड पोर्तुगीज वाइनसह अनेक वाइनची पिंपे वापरून ही रीत सर्वतोमुखी केली. दुसऱ्या पिंपात किमान किती काळ ठेवावे याला कायद्याचे बंधन नाही. २०१९ मध्ये स्कॉच व्हिस्कीसाठी चालणाऱ्या पिंपांची व्याख्या रुंदावली आणि टकीलासारख्या मद्यांची पिंपेही वापरता येऊ लागली.

लेबल वाचताना तीन रीती वेगळ्या ओळखाव्यात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेरीच्याच पिंपात मुरलेली व्हिस्की ही एक. बर्बनमधून काढून शेरीत ठेवलेली दुसरी. आणि वेगवेगळ्या पिंपांत स्वतंत्रपणे मुरवून शेवटी एकत्र केलेली तिसरी. फिनिश फक्त मधली. हरियाणातील इंद्रीची ट्रिनी ही बर्बन, फ्रेंच वाइन आणि पीएक्स अशा तीन पिंपांतून घडते, आणि चवीला ती उत्तमच आहे, पण फिनिशचा अभ्यास तिच्यापासून सुरू करू नये, कारण तिच्यात कोणते पिंप काय बोलते हे सोडवायला नवशिक्याजवळ काहीच आधार नसतो.

कोणत्या बाटल्या समोरासमोर ठेवाव्यात

माझ्या मते पहिल्या बैठकीसाठी ग्लेनमोरांजीइतके सोयीचे घराणे दुसरे नाही. स्कॉटलंडमधील सर्वांत उंच भट्ट्या तिच्याकडे आहेत, त्यातून उतरणारे स्पिरिट हलके आणि फुलांच्या वासाचे असते, आणि त्यावर पिंपाने केलेला प्रत्येक बदल स्वच्छ दिसतो. बर्बनच्या पिंपात मुरलेली ओरिजिनल हा मूळ पेला; ती पूर्वी १० वर्षांची असे, आता १२ वर्षांची झाली आहे. तिच्या एका बाजूला लासांता ठेवावी, जिच्या १२ वर्षांच्या बाटलीने १० वर्षे बर्बनमध्ये आणि पुढची २ वर्षे ओलोरोसो व पीएक्सच्या पिंपांत काढलेली असतात. दुसऱ्या बाजूला १४ वर्षांची क्विंटा रुबान ठेवावी, जिने १० वर्षे बर्बनमध्ये आणि ४ वर्षे रुबी पोर्टच्या पिंपांत घालवलेली असतात. सोतेर्न या गोड फ्रेंच वाइनचे फिनिश असलेली नेक्टर डोर कोणाकडे असेल तर ती दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावी; तिच्यातील जर्दाळू आणि मधाचा पोत पोर्टच्या शेजारी दबून जातो.

दुसरा संच बाल्व्हेनीचा. १२ वर्षांची डबलवुड शेवटचे सुमारे ९ महिने शेरीच्या पिंपात असते, आणि १४ वर्षांची कॅरिबियन कास्क शेवटी रमच्या पिंपात जाते. येथे वयही बदलते, त्यामुळे हा संच तितका शुद्ध नाही, तरी रमचे पिंप काय करते हे यावरून चांगले समजते : गूळ, पिकलेले केळ आणि जिभेच्या टोकाला जाणवणारी सरळ गोडी. शेरी टाळ्यावर पसरते आणि मागे थोडा कोरडेपणा सोडते. रममध्ये तो कोरडेपणा जवळजवळ नसतो.

ज्यांना धुरकट व्हिस्की प्रिय आहे त्यांच्यासाठी सर्वांत नेटकी जोडी टॅलिस्करची आहे. १० वर्षांची टॅलिस्कर आणि आमोरोसो या गोड शेरीच्या पिंपात दुसऱ्यांदा मुरवलेली तिची डिस्टिलर्स एडिशन, या दोन्हींत मद्यार्क ४५.८ टक्के आहे. लागाव्हुलिनची १६ वर्षांची आणि तिची पीएक्सवाली डिस्टिलर्स एडिशन या दोन्ही ४३ टक्क्यांच्या. म्हणजे पाणी घालून बरोबरी साधण्याची गरजच उरत नाही. धुरावर गोड वाइनचे फिनिश चढले की धूर कमी होत नाही, त्याचा कोपरा मात्र मऊ होतो. मिरीचा तिखटपणा मागे जातो आणि मनुका पुढे येतात.

या बाटल्या इंदूरच्या एकाच दुकानात, एकाच दिवशी मिळतील अशी अपेक्षा धरू नये. परदेशातून परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला ड्युटी फ्रीमधून २ लिटरपर्यंत मद्य आणता येते, आणि आमच्याकडे अनेक फिनिश याच वाटेने घरी पोहोचतात. चार घरांनी मिळून आधी ठरवून घ्यावे की कोणी कोणती बाटली आणायची. असे ठरले नाही तर प्रत्येक जण आपल्या आवडीची आणतो आणि टेबलावर चार डिस्टिलऱ्यांच्या चार बाटल्या जमतात, ज्यांची एकमेकींशी तुलनाच होऊ शकत नाही.

इंदूरच्या घरात करावयाची तयारी

माळव्याच्या थंड रात्रींची कीर्ती जुनी आहे, आणि या कामासाठी दिवाळीनंतरचे आठवडे व फेब्रुवारीचा उत्तरार्ध सर्वांत चांगले. मे महिन्यात खोली तापलेली असते तेव्हा मद्यार्क आधी उसळतो आणि नाकाला बाकीचे काही कळू देत नाही. जानेवारीच्या गारठ्यात उलट घडते, पेला मुका होतो आणि तळहातात धरून ऊब द्यावी लागते. खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास असावे. बर्फ या बैठकीत अजिबात घेऊ नये.

खाण्याच्या बाबतीत मी आग्रही आहे. इंदूरच्या घरात बाटली उघडली की शेवेचा डबा आपोआप उघडतो, आणि नेमकी तीच सवय येथे घात करते. रतलामी शेवेत लवंग असते, लवंगेचा वास युजेनॉल या द्रव्याचा असतो, आणि हेच युजेनॉल ओकच्या लाकडातूनही व्हिस्कीत उतरते. ज्याने दोन मुठी शेव खाल्ली आहे त्याला साध्या बर्बनच्या पिंपातही लवंग लागेल, आणि तो ती युरोपियन ओकच्या खात्यात जमा करील. जिरावण हा मसाला टाकलेले पोहे आणि गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, यांचेही तेच. ते जीभ तास-दोन तास ताब्यात ठेवतात. बैठकीपूर्वी वरण-भात किंवा साधी पोळी खावी, मध्ये पांढऱ्या पावाचा तुकडा किंवा सोललेल्या सफरचंदाची फोड घ्यावी, आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जायचेच असेल तर सगळे आटोपल्यावर जावे, अर्थात स्वतः गाडी न चालवता.

देवघरातील उदबत्ती विझून तास उलटला नसेल तर बैठक दुसऱ्या खोलीत मांडावी, नाहीतर धूर टॅलिस्करचा की उदबत्तीचा हा वाद सुटत नाही. अत्तर आणि डासांची अगरबत्ती यांनाही हाच नियम.

पाण्याचाही विचार करावा. जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी पिण्यास उत्तम आहे, पण नळातून येताना त्याला क्लोरीनचा वास असतो आणि व्हिस्कीत तो लगेच उघडा पडतो. आरओचे किंवा उकळून पूर्ण गार केलेले पाणी वापरावे. ग्लास खाली पोट असलेले आणि वर तोंड आवळलेले असावेत. ग्लेनकेर्न हे खास व्हिस्कीचे ग्लास मिळाले तर छान, नाहीतर वाइनचे लहान ग्लासही चालतात. रुंद तोंडाच्या नेहमीच्या ग्लासांतून वास उडून जातो. ग्लास फक्त गरम पाण्याने धुवावेत आणि कपाटात उपडे ठेवलेले असतील तर आधी हवेवर ठेवावेत, कारण उपड्या ग्लासात कपाटाचा वास साठून राहतो.

आणखी एक तयारी मी कधीच टाळत नाही. सुके खोबरे, मनुका, खारीक, जर्दाळू, अक्रोड, लवंग, जायफळ, काकवी आणि संत्र्याची ताजी साल एकेका वाटीत काढून टेबलाच्या कडेला ठेवावी. या वाट्या खाण्यासाठी नाहीत. व्हिस्कीत काहीतरी ओळखीचे लागते पण नाव सुचत नाही, तेव्हा एकेक वाटी नाकाशी नेऊन पाहावी. बहुतेकदा 'हीच ती खारीक' असे लगेच उमगते. परदेशी टिपणांतील अंजिराचा केक किंवा ख्रिसमसची पुडिंग आपण कधी खाल्लेली नसतील तर ती नावे पाठ करून उपयोग नाही. आपल्या नाकाला माहीत असलेल्या वस्तूंच्या नावांनीच टिपण लिहावे.

मद्यार्क सारखा करण्याचा हिशोब

हा भाग बहुतेक लोक सोडून देतात आणि म्हणून फसतात. ग्लेनमोरांजी ओरिजिनल ४० टक्क्यांची, लासांता ४३ ची आणि क्विंटा रुबान ४६ ची आहे. जास्त मद्यार्क असलेली व्हिस्की तोंडात अधिक भरीव आणि तिखट लागते, आणि हा भरीवपणा माणूस पिंपाचा गुण समजतो. हिशोब सोपा आहे : व्हिस्कीचे मिली गुणिले तिची टक्केवारी, भागिले हवी असलेली टक्केवारी; जे उत्तर येईल तेवढे एकूण माप व्हावे इतके पाणी घालावे. २० मिली लासांता ४० वर आणायला दीड मिली पाणी लागते, आणि २० मिली क्विंटा रुबानला ३ मिली. बाळांना औषध देण्याची सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज यासाठी अगदी योग्य. पाण्याचा थेंब पडला की ग्लासात तेलकट, वळसे घेणाऱ्या रेषा काही क्षण दिसतात. त्या विरून जाईपर्यंत थांबावे आणि मग ग्लासावर बशी झाकून पाच मिनिटे तसाच राहू द्यावा.

तीन ग्लासांत प्रत्येकी २० मिली, म्हणजे सगळी मिळून एक मोठा पेग. शिकण्यासाठी एवढे पुरते, आणि चौथ्या-पाचव्या ग्लासानंतर नाकच थकत असल्यामुळे जास्त ओतून काही साधत नाही.

प्रत्यक्ष बैठक

आधी तिन्ही ग्लासांचा नुसता वास घ्यावा, चव कोणाचीच नाही. ग्लास नाकापासून थोडा दूर ठेवून, तोंड किंचित उघडे ठेवून, लहान श्वास घ्यावा. नाक आत खुपसले तर मद्यार्काचा झणका बसतो आणि पुढची काही मिनिटे वाया जातात. सुरुवात मूळ पेल्यापासून, मग शेरी, मग पुन्हा मूळ, मग पोर्ट, मग पुन्हा मूळ. हे येणे-जाणे कंटाळवाणे वाटेल, पण सगळे शिक्षण त्यातच आहे. लासांताचा वास घेऊन ओरिजिनलकडे परतल्यावर ओरिजिनलमधील संत्र्याची साल आणि व्हॅनिला जितके स्पष्ट कळतात, तितके ते पहिल्या वेळी कळलेले नसतात.

चव घेताना घोट लहान असावा आणि तो जिभेच्या खालीही जाऊ द्यावा. तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, घोट तोंडात येताच काय लागते. फिनिशचा प्रभाव सर्वाधिक येथेच असतो. दुसरी, मध्यावर मूळ स्पिरिट डोके वर काढते का. तिसरी, गिळल्यानंतर हिरड्यांवर आणि गालांच्या आतल्या बाजूस काय उरते : ओलाव्यासह गोडी, की चहा जास्त उकळल्यावर येतो तसा तुरटपणा. पोर्टच्या फिनिशमध्ये बोर, आलुबुखार आणि गडद चॉकलेटकडे जाणारी चव असते आणि लाली किंचित गुलाबी असते. शेरीत मनुका, अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल.

रंगावरून काहीही ठरवू नये. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालण्यास परवानगी आहे, आणि पिंप किती वेळा वापरले आहे यावरही रंग अवलंबून असतो. आमच्याकडच्या एका बैठकीत ग्लासांना बाहेरून स्वयंपाकघरातील फॉइल गुंडाळले होते. माझे एक मावसभाऊ एरवी सर्वांत गडद व्हिस्कीलाच सर्वांत जुनी मानतात. त्या दिवशी रंग दिसत नसताना त्यांनी जिला सर्वांत 'मुरलेली' म्हटले ती तिघींत सर्वांत फिकी निघाली. फॉइल काढल्यावर ते बराच वेळ तो ग्लास दिव्यासमोर फिरवून पाहत होते, आणि तेव्हापासून फॉइल स्वतःच घेऊन येतात.

वास आणि चव पुरती घेऊन झाली की खरी परीक्षा घ्यावी. घरातील जी व्यक्ती पीत नाही तिला विनंती करावी की तीन ग्लासांपैकी दोनांत एकच व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी ओतावी, ग्लासांखाली क्रमांक लिहावेत आणि खोलीतून निघून जावे, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळू नये. पिणाऱ्याने वेगळा ग्लास कोणता एवढेच सांगायचे. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनांत एक असते, म्हणून एकदा जमले यावर विसंबू नये. लागोपाठ तीनदा नुसत्या अंदाजाने जमण्याची शक्यता सत्तावीसांत एक आहे. ओरिजिनल आणि लासांता यांत हे बहुतेकांना जमते. जिथे जमत नाही तिथे त्या फिनिशसाठी मोजलेल्या जादा पैशांचा विचार करावा.

ग्लास रिकामे झाल्यावर लगेच धुऊ नयेत. अर्ध्या तासाने रिकाम्या ग्लासाचा वास घेतला तर मद्यार्क उडून गेलेला असतो आणि लाकूड, धूर, वाइन यांचे जे उरते ते अधिक शुद्ध असते. शेरीच्या ग्लासात सुकामेवा आणि जुन्या लाकडी पेटीचा वास राहतो, तर बर्बनच्या ग्लासात मध आणि व्हॅनिला.

भारतीय सिंगल माल्टची तुलना

आपल्या हवामानात पिंप फार वेगाने काम करते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरूत हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे जाते. त्यामुळे भारतीय व्हिस्की कमी वर्षांत लाकूड पुष्कळ घेते, आणि येथे फिनिशचा हात जड पडण्याची भीतीही जास्त असते.

उत्तर प्रदेशातील रामपूरची सिलेक्ट बर्बनच्या पिंपातील आहे आणि आसव ही काबर्ने सोव्हिन्यों या भारतीय लाल वाइनच्या पिंपात फिनिश केलेली आहे. ही जोडी शेजारी ठेवून पाहावी. आसवमधील बोर आणि गोड मसाला सहज ओळखू येतो, आणि भारतीय वाइनच्या पिंपाचा हा उपयोग मला मनापासून आवडतो, कारण त्यात दुसऱ्याची नक्कल नाही. २००४ मध्ये ग्लासगोत पहिल्यांदा विक्रीस आलेल्या अमृतची इंटरमीजिएट शेरी वेगळ्याच रीतीची आहे : ती आधी बर्बन व नव्या ओकमध्ये, मग शेरीच्या पिंपात आणि शेवटी पुन्हा बर्बनच्या पिंपात जाते. ती ५७.१ टक्क्यांची असल्यामुळे साध्या ४६ टक्क्यांच्या अमृतशी तुलना करताना १५ मिलीत सुमारे साडेतीन मिली पाणी घालावे. पाणी न घालता केलेल्या तुलनेत शेरीऐवजी मद्यार्कच जिंकतो. माझ्या आवडत्या बाटल्यांत हिचे स्थान वरचे आहे. शेवटचा बर्बनचा टप्पा शेरीच्या कडा घासून काढतो आणि बार्लीची चव परत मिळवून देतो.

गोव्यातील पॉल जॉनच्या ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड या तिन्ही ४६ टक्क्यांच्या आणि तिन्ही बर्बनच्याच पिंपातील आहेत; बदलतो तो फक्त पीटचा, म्हणजे बार्ली सुकवताना जाळल्या जाणाऱ्या दलदलीतल्या मातीचा, धूर. फिनिशच्या अभ्यासात त्यांचा उपयोग असा की, पिंप स्थिर ठेवून धूर वाढत गेला की काय होते हे एकदा कळले म्हणजे पुढे धुरकट आणि फिनिश केलेल्या व्हिस्कीत धुराचा वाटा वजा करता येतो.

फिनिश चांगले झाले की नाही, हे कसे ठरवावे

माझी कसोटी एकच आहे : मूळ पेला शेजारी असताना फिनिश केलेल्या पेल्यात ते मूळ स्पिरिट अजून सापडते का. सापडत असेल आणि त्याला एखादे नवे अंग मिळाले असेल तर फिनिश साधले. नुसती वाइन लागत असेल, सुरुवात गोड आणि मध्य पोकळ असेल, किंवा गिळल्यावर गोडी आणि तुरटपणा एकमेकांपासून सुटे पडत असतील, तर दुसऱ्या पिंपाने पहिल्याची उणीव झाकण्याचे काम केले आहे असे समजावे. पीएक्स आणि पोर्टमध्ये हा धोका विशेष, कारण त्यांची गोडी पहिल्या घोटात सर्वांना खुश करते. अशा बाटलीचा दुसरा ग्लास ओतून पाहावा; दुसऱ्या ग्लासाला ती जड होत असेल तर निकाल लागला.

शेरीच्या पिंपात क्वचित जळलेल्या काडीचा, फटाक्याच्या दारूचा किंवा कुजलेल्या अंड्याकडे झुकणारा वास येतो. पिंप प्रवासात खराब होऊ नये म्हणून त्यात गंधक जाळण्याची जुनी पद्धत आहे, आणि हा वास त्याच्याशी जोडला जातो. काहींना तो किंचित असेल तर चालतो, काहींना अजिबात खपत नाही. दहा मिनिटे ग्लास उघडा ठेवून पुन्हा पाहावे आणि मगच मत द्यावे.

शंभरपैकी गुण देण्याच्या पद्धतीवर माझा विश्वास नाही. वहीत प्रत्येक व्हिस्कीसाठी तीन ओळी लिहाव्यात : स्पिरिटचे काय लागले, लाकडाचे काय, आणि आधीच्या वाइनचे वा रमचे काय. शेजारी तारीख, बाटली कधी उघडली आणि तीत किती उरली आहे, हेही लिहावे. अर्ध्याहून अधिक रिकाम्या बाटलीत हवा भरते आणि इंदूरच्या उन्हाळ्यात त्या व्हिस्कीचा वास महिन्यांगणिक उतरत जातो, त्यामुळे वर्षभर उघडी असलेली लासांता आणि आज फोडलेली ओरिजिनल यांची तुलना ही पिंपांची तुलना राहत नाही. संचातील सर्व बाटल्या एकाच आठवड्यात उघडाव्यात. उरलेली व्हिस्की काठोकाठ भरतील अशा लहान काचेच्या बाटल्यांत काढून नावाची चिठ्ठी लावावी. बूच असलेल्या बाटल्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, कारण आडव्या बाटलीत मद्यार्क बूच खाऊन टाकतो. फ्रिजच्या माथ्यावर किंवा पश्चिमेच्या खिडकीपाशी न ठेवता त्या आतल्या खोलीतील बंद कपाटात ठेवल्या, तर पुढच्या हिवाळ्यात बोमोरची जोडी मांडताना, म्हणजे साधी १२ वर्षांची आणि शेवटची ३ वर्षे ओलोरोसोत काढलेली १५ वर्षांची, यंदाच्या लासांताचा एक ग्लासही विश्वासाने शेजारी ठेवता येईल.